सोलर घेताना बॅटरीचे आधी ठरवा

वरोऱ्याच्या उन्हाचा उपयोग वीजबिल कमी करायला होतो. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदानही आहे. पण आम्हाला एक गोष्ट सांगायची आहे: साधा ऑनग्रिड सोलर बाहेरची लाइन गेली की भर उन्हातही बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक लागू नये, म्हणून ही व्यवस्था असते. सेहरीच्या वेळी लाइट गेली, तर छतावर सोलर असूनही घरात अंधारच.

त्यासाठी बॅटरी हवी. आज ऐपत नसेल, तर निदान हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा. बॅटरी पुढे जोडता येते. पंखे-दिव्यांपुरती छोटी बॅटरीही पुरते. सौदा करण्याआधी विक्रेत्याला विचारा: लाइन गेल्यावर घरात काय-काय चालेल, किती तास? उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.