मागे तीन सेंटर बॅक खेळवले की गोल खायचे थांबतात का? टीमची सिस्टीम बदलण्याआधी हे गणित समजून घ्या

अंबरनाथ पश्चिम असो नाहीतर अंधेरी, फुटबॉल टीमने लागोपाठ दोन मॅचमध्ये तीन-तीन गोल खाल्ले की टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. "पुढच्या मॅचला मागे तीन सेंटर बॅक खेळवूया."

ऐकायला सोपं वाटतं. मागे एक माणूस वाढवला की गोल कमी होणार. पण मैदानात अकराच जण असतात. मागे एक वाढला की कुठून तरी एक कमी होतो. तो कुठून कमी करायचा आणि त्याचं काम कुणी करायचं, हा खरा प्रश्न आहे. याचं उत्तर सापडलेल्या टीमने कप उचललाय आणि न सापडलेली नावाजलेली टीम बरीच खाली घसरलीये.

नेमका फरक काय असतो?

नेहमीच्या सिस्टीममध्ये मागे चौघं असतात. मध्ये दोन सेंटर बॅक आणि दोन्ही कडांना एकेक फुल बॅक. कडेला फुल बॅकच्या पुढे विंगर असतो, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन माणसं.

तिघांच्या सिस्टीममध्ये मध्ये तीन सेंटर बॅक येतात आणि कडेला उरतो एकच माणूस, विंग-बॅक. अटॅकमध्ये विंगरचं काम त्याचं आणि डिफेन्समध्ये फुल बॅकचं कामही त्याचंच. त्यामुळे बॉल आपल्याकडे असताना मागे तिघं दिसतात आणि समोरच्याकडे गेला की पाच. ३-५-२ ला काही जण ५-३-२ म्हणतात ते यामुळेच.

फायदा कधी होतो?

समोरची टीम दोन स्ट्रायकर घेऊन खेळत असेल तर दोन सेंटर बॅकना एकेक माणूस धरावा लागतो. एक जरी चकला तरी मागे फक्त गोलकीपर. तिसरा सेंटर बॅक असेल तर चूक सावरायला एक जण मोकळा राहतो. मागून बॉल पास करत वर आणतानाही दोघांच्या प्रेसिंगसमोर तिघं असले की एकाला जागा मिळते.

पण समोर एकच स्ट्रायकर असेल तर? मग एकाला धरायला तिघं उभे राहतात आणि मिडफिल्डमध्ये माणूस कमी पडतो. समोरच्यांचा फुल बॅक आणि विंगर मिळून आपल्या एकट्या विंग-बॅकवर चाल करून येतात. तो दमून मागेच अडकला की पाच जण बॉक्ससमोर उभे, क्लिअर केलेला बॉल पुन्हा समोरच्यांकडे आणि पुन्हा अटॅक. गोल थांबवायला केलेला बदल इथे उलटा पडतो.

हबास यांनी हे जमवून दाखवलं

आयएसएलमध्ये या सिस्टीमचं ठळक उदाहरण म्हणजे अँटोनियो लोपेझ हबास यांची २०१९-२० ची एटीके. स्पेनच्या या कोचने ३-५-२ लावली. उजव्या कडेला प्रबीर दास, डाव्या कडेला मायकल सूसाईराज. दोघंही सतत वर-खाली पळणारे. पुढे रॉय कृष्णा आणि डेव्हिड विल्यम्स अशी जोडी. कडेचं काम विंग-बॅकनी उचललं, म्हणून दोन स्ट्रायकर ठेवणं परवडलं. कृष्णाने त्या सीझनमध्ये १५ गोल केले. १४ मार्च २०२० ला गोव्यात फातोर्डाच्या रिकाम्या स्टेडियममध्ये एटीकेने चेन्नईयिनला ३-१ ने हरवून कप घेतला.

यात आणखी एक गोष्ट होती. मागच्या तिघांमध्ये खेळणारा प्रीतम कोटल हा मुळात राईट बॅक. तिघांपैकी बाहेरच्या दोघांना अनेकदा कडेपर्यंत जाऊन विंगरला गाठावं लागतं. तिथे उंच पण संथ सेंटर बॅकपेक्षा पळणारा फुल बॅक जास्त उपयोगी पडतो.

पण पुढच्याच सीझनच्या पहिल्या मॅचमध्ये, २० नोव्हेंबर २०२० ला, सूसाईराज जखमी झाला आणि सीझनभर बाहेर गेला. त्याच्या जागी आलेला सुभाशिष बोस मूळचा डिफेंडर. एटीके मोहन बागान नाव झालेली ती टीम लीगमध्ये मुंबई सिटीइतकेच ४० पॉइंट मिळवून दुसरी आली आणि फायनलही मुंबईकडून १-२ ने हरली. सगळा दोष एका दुखापतीला देता येणार नाही. पण या सिस्टीममध्ये विंग-बॅकला पर्याय शोधणं किती अवघड असतं ते यातून कळतं.

मुंबईने काय केलं?

२०२१ चा कप सर्जिओ लोबेरा यांच्या मुंबई सिटीने चार डिफेंडर ठेवूनच जिंकला. २०२४ मध्ये पुन्हा मुंबई आणि हबास समोरासमोर आले. या वेळी मोहन बागानकडे विंग-बॅकच्या जागी मनवीर सिंग आणि गोव्याचा लिस्टन कोलासो होते, दोघंही मुळात विंगर. १५ एप्रिलला बागानने मुंबईला २-१ ने हरवून लीग शील्ड नेलं. ४ मेच्या फायनलमध्ये पीटर क्रॅटकी यांच्या मुंबईने कोलकात्यात जाऊन ३-१ ने कप आणला.

तीन आठवड्यांत तेच दोन कोच, तीच दोन क्लब आणि निकाल दोन. आकडा तीन आहे की चार, एवढ्यावर मॅच ठरत नाही ती अशी.

जगात काय दिसतं?

तीन सेंटर बॅक म्हणजे डिफेन्सिव्ह खेळ, हा समज २००२ च्या ब्राझीलने खोडून काढला. मागे लुसिओ, एडमिल्सन आणि रोके ज्युनियर, कडेला काफू आणि रॉबर्टो कार्लोस. सात मॅचमध्ये १८ गोल आणि वर्ल्ड कप.

सप्टेंबर २०१६ मध्ये चेल्सी आर्सेनलकडून ०-३ ने हरली. कोच अँटोनियो कॉन्ते यांनी पुढच्या मॅचपासून मागे तिघं ठेवले. फुल बॅक अझपिलिक्वेटा सेंटर बॅक झाला, विंगर व्हिक्टर मोझेस विंग-बॅक झाला. लीगमध्ये सलग १३ विजय आणि शेवटी ट्रॉफी.

उलट उदाहरण मँचेस्टर युनायटेडचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेले रुबेन अमोरिम यांनी स्पोर्टिंगला याच पद्धतीने पोर्तुगालची लीग जिंकून दिली होती. पण युनायटेडची टीम चार डिफेंडरच्या हिशोबाने उभी होती आणि बदल सीझनच्या मध्यात झाला. युनायटेड १५ व्या नंबरवर राहिली.

मग आपल्या टीमने काय करावं?

पाच किंवा सात जणांच्या टर्फवर हा प्रश्नच येत नाही. तिथे मैदान अरुंद असतं. पूर्ण मैदानावर अकरा जणांची मॅच असेल तर आधी चार गोष्टी बघा.

१. शेवटच्या दहा मिनिटांतही वर जाऊन परत येणारे दोन विंग-बॅक आहेत का? आणि एक राखीव?

२. आपल्या फुल बॅकपैकी कुणी बाहेरचा सेंटर बॅक म्हणून खेळू शकतो का?

३. खाल्लेले गोल आले कुठून? दोन स्ट्रायकर मधून घुसले असतील तर तिसरा माणूस कामाला येईल. कडेच्या क्रॉसवरून आले असतील तर त्रास वाढण्याचीच शक्यता जास्त.

४. बाहेर कोण बसणार? बहुतेक वेळा विंगर. तोच टीमचा सगळ्यात चांगला खेळाडू असेल तर सौदा महागात पडतो.

पहिल्याच प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर चौघांवरच राहा आणि एका मिडफिल्डरला दोन सेंटर बॅकच्या पुढ्यात थांबायला सांगा. मध्ये तिसरा माणूस मिळतो आणि कडेला दोघं कायम राहतात. उत्तर 'हो' असेल तर आधी एखाद्या प्रॅक्टिस मॅचमध्ये अर्धा वेळ खेळून बघा. टुर्नामेंटच्या दिवशी सकाळी ग्रुपवर ठरवून हे जमत नाही.