तोट्यात विकलेलं यंत्र

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात रोम नावाचं एक लहान शहर आहे आणि तिथे हवाई दलाची संशोधन प्रयोगशाळा आहे. २०१० साली या प्रयोगशाळेनं एक महासंगणक उभारला, ‘कॉन्डॉर क्लस्टर’. विमानांतून आणि उपग्रहांतून येणारी प्रचंड चित्रं चाळण्यासाठी हे यंत्र सेकंदाला सुमारे पाचशे लाख कोटी आकडेमोडी करत असे. त्याच्या मांडण्यांवर ओळीनं लावलेले होते १,७६० प्लेस्टेशन ३. मुलं टीव्हीला जोडून ज्यावर शर्यतीच्या गाड्या पळवतात, तेच काळे डबे!

ही काटकसर अगदी हिशेबी होती. एका डॉलरमागे इतकी आकडेमोड देणारी दुसरी वस्तू तेव्हा बाजारात सापडणं कठीण होतं. सगळा खर्च वीस लाख डॉलरच्या आसपास आला. त्या ताकदीचा महासंगणक नेहमीच्या वाटेनं बांधायचा तर याच्या कित्येक पट पैसे लागले असते.

गेमिंगसाठी कन्सोल घ्यावा की पीसी, हा प्रश्न हल्ली कितीतरी घरांत निघतो. बहुतेक जण मग दोन किमती शेजारी मांडतात. पण खेळण्याच्या दुकानातली वस्तू लष्कराला सगळ्यांत स्वस्त पडते, याचा अर्थ तिच्या किमतीत काहीतरी विलक्षण दडलेलं आहे. ते समजलं की घरातला प्रश्नही निराळा दिसू लागतो.

प्लेस्टेशन ३ च्या पोटात ‘सेल’ नावाचा प्रोसेसर होता. सोनी, तोशिबा आणि आयबीएम या तीन कंपन्यांनी २००१ पासून टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे मिळून तो घडवला. एक मुख्य कोअर आणि सोबत आकडेमोडीत तरबेज असे आठ छोटे कोअर. त्या आठांपैकी एक मुद्दामच बंद ठेवलेला असे. चिप बनवताना एखादा कोअर सदोष निघाला तरी अख्खी चिप फेकावी लागू नये, म्हणून सगळ्याच चिपांमध्ये सात कोअर पुरेसे मानायचे. ही युक्ती आजही चालते. प्लेस्टेशन ५ च्या चिपवर ग्राफिक्सचे ४० विभाग कोरलेले असतात आणि चालू असतात ३६. विकत घेतलेल्या वस्तूतला एक भाग जन्मतःच झोपलेला आहे आणि त्यामुळेच ती वस्तू आपल्याला परवडते आहे, हे कळल्यापासून त्या डब्याकडे मी वेगळ्या नजरेनं बघतो.

पण निव्वळ अशा युक्त्यांनी इतकी स्वस्ताई येत नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये हा कन्सोल बाजारात आला, तेव्हा आयसप्लाय या संस्थेनं तो उघडून एकेका भागाची किंमत मांडली. ६० जीबीच्या कन्सोलची सामग्री आणि जुळणी यांचा खर्च निघाला सुमारे ८४० डॉलर. दुकानातली किंमत होती ५९९. म्हणजे गिऱ्हाईक डबा घेऊन दुकानाबाहेर पडलं की सोनीच्या खात्यातून दोनशे चाळीस डॉलर गेले. २० जीबीच्या स्वस्त कन्सोलवर तर तोटा तीनशेच्या वर होता.

हा तोटा भरून काढायचा तो गेममधून. कन्सोलवर गेम आणायचा तर कन्सोलच्या मालक कंपनीची परवानगी लागते आणि विक्रीतला वाटा द्यावा लागतो. ऑनलाइन दुकानात हा वाटा साधारण तीस टक्के असतो. प्लेस्टेशन ४ पासून मित्रांशी ऑनलाइन खेळायला बहुतेक गेमसाठी सदस्यत्वाचे पैसे भरावे लागू लागले, तो आणखी एक झरा. २०२१ मध्ये गेम बनवणारी एपिक कंपनी आणि ॲपल यांच्यातला खटला चालू असताना मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यांनी न्यायालयात साक्ष दिली की एक्सबॉक्सच्या यंत्रावर कंपनीनं कधीच नफा कमावलेला नाही. कन्सोलची किंमत म्हणजे यंत्राच्या मोलातला पहिला हप्ता. उरलेले हप्ते पुढची पाच-सात वर्षं गेमच्या किमतीतून जातात.

हवाई दलाला गेम नको होते, नुसती चिप हवी होती. २०१० पर्यंत उत्पादनखर्च उतरून सोनीचा तोटा बराच आटला होता, तरी किंमत अजून पुढच्या हप्त्यांच्या भरवशावरच बेतलेली होती. ते हप्ते चुकवून डबा तेवढा उचलण्याची वाट होती, कारण सोनीनं स्वतःच या कन्सोलवर लिनक्स ही संगणक प्रणाली चालवायची सोय ठेवली होती. त्या सोयीचा फायदा घेणाऱ्यांत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ इथले गौरव खन्ना हे भारतीय वंशाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. महाकाय कृष्णविवरात लहान कृष्णविवर कोसळताना कोणत्या गुरुत्वीय लहरी उठतील, याचं गणित त्यांनी जोडलेल्या प्लेस्टेशनांवर सोडवलं. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ ज्यांच्यासाठी वेधशाळा होते आहे, त्याच जातीच्या या लहरी. पुढे हवाई दलाकडूनही त्यांना कन्सोल मिळाले आणि तो सगळा पसारा एका वातानुकूलित मालवाहू कंटेनरात थाटला गेला.

दरम्यान १ एप्रिल २०१० ला सोनीनं एक अपडेट आणलं आणि लिनक्सची सोय काढून टाकली. सुरक्षिततेचं कारण दिलं गेलं. अपडेट नाकारायची मुभा होती, पण नाकारलं तर ऑनलाइन खेळ बंद. पैसे मोजून घेतलेल्या यंत्राचा एक गुण दूरवरून काढून घेतला गेला. ग्राहकांनी न्यायालयात धाव घेतली आणि पुढे कित्येक वर्षांनी सोनीला तडजोड करून भरपाई द्यावी लागली. माझ्या मते ग्राहकांची बाजू पूर्णपणे खरी होती. पण कंपनीच्या हिशेबात मोकळं यंत्र स्वस्तात विकणं किती अवघड असतं, हेही इथे स्वच्छ दिसतं. कन्सोल स्वस्त राहतो कारण त्याला कुलूप आहे आणि किल्ली आपल्या हाती नाही.

पीसीची महागाई याच बाजूनं पाहावी. ग्राफिक्स कार्ड बनवणारा, मदरबोर्ड बनवणारा, रॅम विकणारा, प्रत्येकाला आपला नफा आजच काढायचा असतो, कारण उद्या तुम्ही कोणता गेम घ्याल यात त्याचा वाटा नसतो. पीसीवरचं सगळ्यांत मोठं गेमचं दुकान म्हणजे स्टीम. तेही तीस टक्क्यांपासूनच वाटा घेतं, पण तुमचा पीसी त्याच्या मालकीच्या व्यवस्थेत अडकलेला नसतो. स्टीमच्या व्हॉल्व्ह कंपनीनं नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘स्टीम मशीन’ नावाचा कन्सोलसारखा छोटा पीसी जाहीर केला, तेव्हा किमतीबद्दल सगळ्यांनाच मोठी आशा होती. कंपनीच्या अभियंत्यांनी मात्र सांगितलं की किंमत तेवढ्या ताकदीच्या पीसीच्या आसपासच ठरेल. त्यावर हवी ती प्रणाली घालता येते. असं मोकळं यंत्र कोणी तोट्यात विकू लागलं तर कचेऱ्या आणि प्रयोगशाळा ते घाऊक उचलतील आणि गेम एकही घेणार नाहीत.

आता कन्सोलच्या ज्या गुणाचं मला सगळ्यांत जास्त नवल वाटतं, त्याकडे येतो. प्लेस्टेशन ३ मध्ये स्मृती होती २५६ एमबी आणि ग्राफिक्ससाठी आणखी २५६ एमबी. आज अगदी साध्या मोबाइलमध्येही याच्या कित्येक पट असते. एवढ्याशा जागेत २०१३ साली ‘द लास्ट ऑफ अस’ चालला आणि त्याच वर्षी ‘जीटीए ५’ चं अख्खं शहर, डोंगर आणि समुद्र मावला. यंत्र २००६ चंच होतं, वाढत गेलं ते माणसांचं कौशल्य. प्रत्येक घरातला डबा हुबेहूब सारखा, म्हणून अभियंत्यांनी सात वर्षं त्याचा कोपरा न् कोपरा पाठ केला होता.

हा सारखेपणा केवढा मोलाचा, ते शेडरवरून कळतं. पाण्यावर चमक कशी पडावी, धूर कसा विरावा, हे ग्राफिक्स चिपला सांगणारे छोटे प्रोग्राम म्हणजे शेडर. ते प्रत्येक चिपच्या स्वतःच्या भाषेत उतरवावे लागतात. कन्सोलची चिप ठाऊक असते, त्यामुळे हे काम गेम बनवणारे आधीच उरकून पाठवतात. पीसीचं गिऱ्हाईक मात्र शिंप्यासमोर माप न देता उभं असतं. कोणाकडे कुठलं कार्ड, कुठला ड्रायव्हर, कोणालाच माहीत नाही, त्यामुळे कपडा तुमच्या घरीच बेतावा लागतो. ‘द लास्ट ऑफ अस’ ची नवी आवृत्ती मार्च २०२३ मध्ये पीसीवर आली, तेव्हा शेडर तयार होण्याची वाट बघत लोक ताटकळले. काही गेममध्ये हेच काम खेळताना चालतं आणि दारामागून शत्रू यावा त्याच क्षणी चित्र अडखळतं. महागडं कार्ड असूनही!

प्लेस्टेशन ५ मध्ये १६ जीबी स्मृती प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून वापरतात. पीसीत रॅम वेगळी आणि कार्डावरची स्मृती वेगळी, त्यामुळे माल इकडून तिकडे न्यावा लागतो. शिवाय दाबून ठेवलेली माहिती उलगडण्यासाठी या कन्सोलमध्ये स्वतंत्र सर्किट आहे. कन्सोलची रचना करणाऱ्या मार्क सर्नी यांनी मार्च २०२० च्या भाषणात सांगितलं होतं की तेच काम प्रोसेसरवर सोपवलं असतं तर नऊ कोअर गुंतून पडले असते. अख्ख्या कन्सोलच्या प्रोसेसरमध्ये कोअर आहेत आठ! नुसते सुटे भाग मोजून ‘एवढ्यात असाच पीसी बनतो’ म्हणणारे हे विसरतात.

मग पीसी घ्यावा कशासाठी? ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसानं ‘आर्मा २’ या युद्धाच्या गेमवर कोणी तरी केलेल्या ‘डेझी’ या बदलात आणखी एक बदल केला. ‘शेवटी एकच जण उरेल’ हा त्याचा नियम. त्यातून पुढे २०१७ मध्ये पबजी आला. त्याची मोबाइलवरची आवृत्ती महाराष्ट्रातल्या गावोगावच्या पारांवर, एसटी स्टँडवर, कॉलेजच्या कट्ट्यांवर कशी खेळली गेली, हे आपण पाहिलं आहे. ‘काउंटर-स्ट्राइक’ चा जन्मही असाच, दुसऱ्याच्या ‘हाफ-लाइफ’ वर हौशी मंडळींनी केलेल्या कामातून. ‘डोटा’ आला तो ‘वॉरक्राफ्ट ३’ सोबत मिळणाऱ्या नकाशे बनवायच्या साधनातून. या गोष्टी घडल्या कारण यंत्र मोकळं होतं आणि कोणाची परवानगी मागावी लागली नाही. माझ्या दृष्टीनं पीसीचं खरं मोल इथे आहे, चित्राच्या स्पष्टतेत नाही. ज्या यंत्रावर मूल गेम खेळतं, त्याच यंत्रावर ते गेम उघडून आत काय आहे ते बघू शकतं.

आता रुपयांत बोलू. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला, डिस्कचा कन्सोल ४९,९९० रुपयांना. सोनीचे स्वतःचे मोठे नवे गेम तेव्हा ४,९९९ रुपयांना. दहा गेमची बेरीज करून पाहा. ४९,९९०! दुसरा कन्सोलच घेतल्यासारखं झालं, आणि त्यात ऑनलाइन सदस्यत्व धरलेलंच नाही. पूर्वी कन्सोल जुना होईल तसा उतरायचा. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २९९ डॉलरला आला आणि २००९ पर्यंत ९९ वर आला. प्लेस्टेशन ५ ची किंमत मात्र वाढली. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतात ती ५४,९९० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतही चढली. चिप पूर्वीसारख्या झपाट्यानं स्वस्त होत नाहीत. पीसीच्या सुट्या भागांचे भाव तर सतत वरखाली होतात. इथेरियमच्या खाणकामापायी ग्राफिक्स कार्डं चढ्या भावानं विकली गेली, सप्टेंबर २०२२ मध्ये ते खाणकाम थांबलं आणि वापरलेल्या कार्डांचा पूर आला. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मागणी वाढवली आणि रॅम कडाडली.

म्हणून मी विचारणाऱ्यांना आधी उलटं विचारतो, पाच वर्षांत किती गेम घ्याल? वर्षाला एक-दोन, तेही डिस्कवर आणि खेळून झाले की विकून टाकणार असाल, तर कन्सोलसारखं स्वस्त काही नाही. पहिला हप्ता तुम्ही भरता, उरलेले दुसरे कोणी तरी भरतं. डिस्क ड्राइव्ह असलेलाच घ्या. तो नसेल तर जुना गेम घेणंही नाही आणि विकणंही नाही. घरात एकच यंत्र येणार असेल, त्यावर अभ्यास, हिशेब, व्हिडिओचं संपादन, कोडिंग सगळं होणार असेल, तर पीसी घ्या आणि जास्तीच्या पैशांचं वाईट वाटून घेऊ नका.

पीसी ठरला तर ग्राफिक्स कार्डाच्या आधी मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय निवडा, कारण पुढची सुधारणा त्यांच्यावरच अवलंबून असते. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे कितीतरी मदरबोर्ड २०१७ साली विकले गेले. २०२२ मध्ये गेमिंगसाठी खास बनवलेला रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर आला, तेव्हा त्यांपैकी अनेकांत बायोस अपडेट करून तो सरळ बसला. पाच वर्षांनी लोकांनी चार स्क्रू सैल केले, जुनी चिप काढली, नवी ठेवली, थोडी थर्मल पेस्ट लावली आणि यंत्र पुन्हा नव्या गेमच्या बरोबरीला आलं.