हृदयाचे ठोके आणि आंकड्यांची पाखडणी

नाडीचे ठोके मिनिटांत ७५ भरले, म्हणजे दर ठोका बरोबर ८०० मिलिसेकंदांनीं पडला, असें आपण गृहीत धरतों. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. वास्तविक तसें नसतें. श्वास आंत घेतांना ठोके जवळ येतात, सोडतांना लांबतात. कार्ल लूडविग या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें १८४७ सालीं हें यंत्राच्या साह्यानें उमटवून दाखविलें. ठोक्यांमधील अंतराच्या या कमीअधिकपणास हृद्गतीची परिवर्तनशीलता म्हणतात. निरोगी हृदय लंबकासारखें एका मापानें चालत नाहीं, हें पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. पण हृदयावर मज्जातंतूंचा अंमल नीट चालू असल्याची ती खूण होय. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनांत हृदयविकाराच्या झटक्यांतून वांचलेले ८०८ रोगी पाहिले होते. ज्यांच्या ठोक्यांत ही विविधता फार थोडी होती, त्यांच्यांत पुढें मृत्यूचें प्रमाण पुष्कळच अधिक निघालें.

तेव्हां हा आंकडा क्षुल्लक नव्हे. तो काढण्याची एक रीत वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस सहज साधेल. लागोपाठच्या अंतरांतील फरक घ्यावे, त्यांच्या वर्गांची सरासरी काढावी आणि तिचें वर्गमूळ घ्यावें. समजा, ८००, ८२०, ८००, ८२० अशीं आलटून पालटून ११ अंतरें मिळालीं. दर फरक २० म्हणून उत्तरहि २०. आतां यंत्राच्या हातून मधला एकच ठोका निसटला, म्हणजे पांचवें व सहावें अंतर मिळून १६२० चें एक अंतर झालें, तर तेंच उत्तर सुमारें ३८२ येतें! विद्यार्थ्यांनीं तें स्वतः करून पाहावें. एका चुकीनें आंकडा एकोणीसपट फुगतो. म्हणून धान्याप्रमाणें आंकडेहि पाखडून घ्यावे लागतात.

पण पाखडावें कसें, येथें खरी अडचण आहे. वाईट अंतर काढून टाकावें, तर जे शेजारी नव्हते ते शेजारी होतात, आणि त्यांच्यांतील फरक हृदयानें केलेला नसून आपण केलेला असतो. शिवाय काळहि तेवढा आंखडतो. बरें, काढण्याऐवजी खांचा भरावा, तर आजूबाजूच्या ८२० व ८०० ची सरासरी ८१० येते. १६२० च्या जागीं ८१० चीं दोन अंतरें घातलीं कीं उत्तर सुमारें १७ होतें. ३८२ पेक्षां हें कितीतरी बरें. तरी तें २० नव्हे. सरासरीनें भरलेली जागा नेहमींच सपाट असते. असे खांचे पुष्कळ भरले तर चांगलें हृदयहि सुस्त दिसूं लागतें.

तिसरी रीत चाळणीची. मागील अंतराहून २० टक्क्यांपेक्षां अधिक फरक पडला, कीं तें अंतर खोटें समजावयाचें. प्रौढांस ही चाळणी बहुधा चालते. मुलांत व तरुणांत मात्र श्वासाबरोबर होणारा बदल मोठा असतो. दीर्घ श्वास सोडतांना अंतर ७०० वरून ९०० वर गेलें, तर तो २८ टक्क्यांहून अधिक फरक अगदीं खरा असूनहि बाहेर फेंकला जातो. सुक्याबरोबर ओलें जळावें, तशी ही गत. ज्याचें हृदय श्वासाला उत्तम साथ देतें, त्याचेंच नुकसान!

आणखी एक प्रकार वेगळा ठेवावा लागतो. कधीं कधीं ठोका आपल्या नेहमींच्या उगमस्थानाऐवजीं दुसरीकडून, वेळेआधींच निघतो, व मागून लांब विराम येतो. हा यंत्राचा दोष नव्हे; ठोका खराच आहे. परंतु मज्जातंतूंचा अंमल मोजतांना तो धरतां येत नाहीं. मात्र वैद्याला त्याची नोंद हवी असते. तेव्हां बाजूस काढला तरी तो पुसूं नये.

१९९६ सालीं युरोप व उत्तर अमेरिका येथील दोन हृद्विषयक संस्थांनीं मिळून या मोजणीचे नियम प्रसिद्ध केले. त्यांत अल्पकालीन नोंद ५ मिनिटांची धरली असून, किती अंतरें गाळलीं व किती भरलीं तें उत्तराबरोबर सांगावें असें म्हटलें आहे. आम्हांस हा नियम सर्वांत मोलाचा वाटतो. हल्लीं पुष्कळ पालकांच्या मनगटीं असलेलें घड्याळ प्रकाशाच्या साह्यानें रक्ताच्या लहरी मोजून असाच आंकडा दाखवितें. हात हालला कीं लहर बिघडते, आंत दुरुस्ती होते, आणि ती किती झाली हें बहुधा कळत नाहीं. म्हणून एका घड्याळाचा आंकडा दुसऱ्या कंपनीच्या घड्याळाशीं ताडून पाहूं नये. आपल्याच घड्याळाचा, रोज त्याच वेळीं, हात स्थिर ठेवून घेतलेला आंकडा आपल्याच कालच्या आंकड्याशीं पाहावा.