गव्हर्नरांचीं नांवें आणि कागदांचा काल

मिति नसलेला कागद हातीं आला म्हणजे त्यांतील स्थलनामांवरून काल ठरविण्याची आपली वहिवाट आहे. आमच्या शहराचेंच पहा. खडकी हें नांव आलें कीं मलिक अंबराचा काळ मनांत येतो (पुण्यानजीकची खडकी वेगळी). औरंगाबाद आलें कीं कागद १६५३ च्या अलीकडचा, आणि छत्रपति संभाजीनगर आलें तर २०२३ नंतरचा. परंतु इंग्रज मुत्सद्द्यांच्या नांवांशीं निजामी मुलुखांतील आम्हां संग्राहकांचा परिचय बेताचाच. आणि इंग्रजी मुलुखांतील कागद वाचतांना तीं नांवें वारंवार भेटतात.

महाबळेश्वराचा डोंगर सातारचे छत्रपति प्रतापसिंह महाराज यांनीं १८२९ च्या तहानें इंग्रजांस दिला व मोबदला म्हणून वाईजवळचें खंडाळें घेतलें. तेथील वस्तीस मालकमपेठ हें नांव पडलें, तें १८२७ ते १८३० पर्यंत मुंबईचा गव्हर्नर असलेल्या सर जॉन मालकम याचें. हा गृहस्थ पुढें विलायतेस पार्लमेंटचा सभासद झाला. तेव्हां दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींतला म्हणून कोणी कागद विकावयास आणला आणि त्यांत मालकमपेठ असली, तर तो बनावट, निदान मागाहून केलेली नक्कल, असें समजून मगच किमतीची गोष्ट करावी.

एल्फिन्स्टन या नांवाचा घोटाळा याहून मोठा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ पर्यंत गव्हर्नर होता; त्याचा पुतण्या जॉन, लॉर्ड एल्फिन्स्टन, हा १८५३ ते १८६० पर्यंत. मुंबईचें कॉलेज चुलत्याचें. एल्फिन्स्टन रोड हें स्टेशन, ज्यास २०१८ पासून प्रभादेवी म्हणतात, तें पुतण्याचें. नुसतें नांव पाहून साल ठरविणारा पंचवीसतीस वर्षांनीं सहज चुकतो.

आतां उलट बाजू. पुण्यास १८८६ त मंडईची इमारत उभी राहिली, तिला तेव्हांचा गव्हर्नर लॉर्ड रे याचें नांव दिलें. जोतीराव फुले यांनीं नगरपालिकेचे सभासद असतां या बाजाराच्या खर्चास विरोध केला होता. पुढें आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें त्याच इमारतीस त्यांचें नांव लागलें, हा योग मोठा विलक्षण! परंतु लोकांनीं तिला आधीं आणि नंतरही मंडईच म्हटलें. तसाच १९२३ चा लॉइड पूल. कागदोपत्रीं तो पुढें शिवाजी पूल झाला. लोकांच्या तोंडीं मात्र शंभर वर्षांनंतरही तो नवा पूलच.

म्हणून गव्हर्नराचें नांव आढळलें तर कागदाची अलीकडची नव्हे, पलीकडची मर्यादा तेवढी ठरते. आणि न आढळलें तर कांहींच ठरत नाहीं. रे मार्केट हा शब्द सरकारी दप्तरांत शोधावा. घरगुती हिशेबाच्या वहींतील "मंडई" १८८६ पूर्वींची, शनिवारवाड्यापुढील उघड्या बाजाराचीही असूं शकते. तिचा निर्णय कागद, शाई व भाजीचे भाव यांवरूनच करावा लागेल.