पायाच्या दगडांवरून घर कसं वाचतात?

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या टेकड्यांवर व्हॅरम पर्सी नावाचं गाव होतं. 1500च्या सुमाराला ते ओस पडलं. आज तिथे सेंट मार्टिन चर्चचे अवशेष दिसतात, बाकी बहुतेक गवतच. पण ऊन तिरपं झालं की जमिनीवरचे उंचसखल भाग उठून दिसू लागतात. खोलगट लांब पट्टा म्हणजे रस्ता, बुटके बांध म्हणजे आवारांच्या हद्दी आणि आवारातला लांबट चौकोनी उंचवटा म्हणजे घर. घरामागे परडं, त्यापलीकडे नांगरटीने वरंबे उठलेली शेतं. एका शेतकरी कुटुंबाचा सगळा पसारा असा ओळीने मांडलेला सापडतो.

लीड्स विद्यापीठातले आर्थिक इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड यांनी 1950मध्ये इथे खणायला सुरुवात केली. चर खणले की भिंत हाती लागायची, पण भिंत सापडली म्हणजे घर समजलं असं होत नाही. पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट सोबत आले आणि पद्धत बदलली. डेन्मार्कमध्ये रुळलेल्या पद्धतीप्रमाणे चर सोडून घराची सबंध जागाच उघडायची, एकेक थर सपाट काढायचा आणि प्रत्येक दगड नकाशावर नोंदवायचा. दर उन्हाळ्यात काही आठवडे, असं हे काम 1990पर्यंत चाललं.

थर अगदी उथळ होते. भिंतीच्या पायात खडूच्या मऊ दगडाचा एखाद-दुसरा थर, तोही जमिनीवर नुसता ठेवलेला. रोजच्या झाडलोटीने जमीन मधोमध खोलगट झालेली. झाडून टाकलेल्या घरात वस्तूही फारशा उरत नाहीत, म्हणून कालनिर्णय मुख्यतः खापरांवरून करावा लागला. काही घरं लांबट होती. मधून आरपार वाट, एका बाजूला चूल आणि माणसं, दुसऱ्या बाजूला गोठा. गोठ्याची बाजू जमिनीतल्या मोरीवरून ओळखता येते.

खरा पेच पुढे होता. एकाच जागी भिंतींचे पाये पुन्हा पुन्हा घातलेले दिसत, कधी थोडे सरकलेले, कधी दिशा बदललेले. त्यावरून असा निष्कर्ष निघाला की मध्ययुगीन कुळांची घरं तकलादू असावीत आणि दर पिढीला ती नव्याने बांधावी लागत असावीत. हे चित्र बरीच वर्षं टिकलं.

1989मध्ये स्टुअर्ट रॅथमेल यांनी तेच पाये वेगळ्या नजरेने तपासले. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: छपराचा भार कोण पेलत होतं? इंग्लंडच्या उत्तर भागात अजून उभ्या असलेल्या जुन्या घरांमध्ये वाकड्या लाकडांच्या जोड्या दिसतात. त्यांना क्रक म्हणतात. नैसर्गिक बाक असलेलं झाड उभं चिरलं की आरशातल्यासारखी दोन लाकडं मिळतात. ती खाली जमिनीलगत टेकवून वर आढ्यापाशी जोडायची. अशा दोन जोड्यांमधली जागा म्हणजे एक खण. छप्पर क्रकवर बसतं आणि भिंत केवळ आडोसा उरते, जशी आपल्याकडच्या माळवदाच्या घरात खांब-तुळयांमधली भिंत असते.

आता पुरावा उलटा वाचता येतो. भिंत ढासळली की क्रकला हात न लावता ती पुन्हा रचता येते. म्हणजे पायांचे पाच थर सापडले तरी घरं पाच असतीलच असं नाही. एकाच घराची ती पाच वेळची डागडुजी असू शकते. म्हणून पायाच्या दगडांइतकंच लक्ष लाकूड टेकायच्या जागांकडे आणि त्यांच्यातल्या अंतराकडे द्यावं लागतं. उत्खननात मिळालेले कुलपांचे भाग आणि किल्ल्याही याच अर्थाला पुष्टी देतात. कुलूप लावायला मजबूत दार लागतं आणि दाराच्या आत जपण्यासारखं काहीतरी असावं लागतं.

मग इतकी टिकाऊ घरं असलेलं गाव का उठलं? 1348-49च्या प्लेगने माणसं घटली, पण वस्ती त्यानंतरही दीडेकशे वर्षं टिकून होती. शेवट आणला तो लोकरीच्या भावाने. धान्यापेक्षा मेंढ्या किफायतशीर ठरल्या, जमीनमालकाने उरलेली कुळं हटवली आणि नांगरटीची कुरणं झाली. 18व्या शतकात तिथे पुन्हा शेती सुरू झाली तेव्हा चर्चजवळ एकच मोठं शेतघर बांधलं गेलं.

घराच्या भक्कमपणाचा आणि गावाच्या आयुष्याचा इथे संबंध लागत नाही. घरं टिकवणं कुळांच्या हातात होतं, जमीन नव्हती.