रोगप्रसाराचा धडा : वर्गातील खेळातून

वैनगंगेच्या काठी वसलेले पवनी हे भंडारा जिल्ह्यातील प्राचीन नगर. हा जिल्हा हत्तीरोगाचा प्रादुर्भाव असलेल्या जिल्ह्यांपैकी एक होय. रोगनिर्मूलनासाठी सामुदायिक औषधोपचार मोहिमेत घरोघरी गोळ्या दिल्या जातात. परंतु “मला काहीच झालेले नाही, मग गोळ्या कशाला?” हा प्रश्न कार्यकर्त्यांना वारंवार ऐकावा लागतो. याचे उत्तर विद्यार्थ्यांना एका खेळातून स्वतःच शोधता येईल.

हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमी माणसाच्या रक्तात प्रामुख्याने रात्री आढळतात. क्युलेक्स डास रक्तासोबत ते शोषून घेतो व सुमारे १० ते १४ दिवसांत ते त्याच्या शरीरात संसर्गक्षम होतात. अंगावर सूज येण्यापूर्वी माणूस कित्येक वर्षे निरोगी दिसतो. तरीही त्याच्यापासून रोग पसरू शकतो.

वर्गातील २० मुले ‘ग्रामस्थ’ व १० मुले ‘डास’ होतील. प्रत्येक ग्रामस्थाजवळ पाकिटात एक चिठ्ठी असेल. ती त्याने पाहावयाची नाही. दोनच चिठ्ठ्यांवर शिक्षकांनी ठिपका काढावा. प्रत्येक फेरीत डास एका ग्रामस्थाची चिठ्ठी पाहील. ठिपका आढळल्यास तो पुढच्या फेरीपासून भेटेल त्याच्या चिठ्ठीवर ठिपका काढील. पाच फेऱ्यांनंतर चिठ्ठ्या उघडून फळ्यावर संख्या मांडावी. नंतर सर्वांना ‘औषध’ देऊन, म्हणजे आरंभीच ठिपके पुसून, खेळ पुन्हा खेळावा. तिसऱ्या वेळी ठिपका असलेल्या एकानेच औषध नाकारले असे मानावे. तिन्ही आकडे शेजारी लिहिले की वेगळ्या व्याख्यानाची आवश्यकता उरत नाही.

प्रत्यक्षात संसर्ग जडण्यास दीर्घकाळ अनेक डासदंश व्हावे लागतात, हे मात्र मुलांना आवर्जून सांगावे.

अशा पद्धतीमागे भक्कम शास्त्र आहे. कर्मॅक व मॅकेन्ड्रिक यांनी १९२७ साली रोगप्रसाराचे गणित मांडले, तेव्हा मुंबईतील १९०५-०६ च्या प्लेगच्या साप्ताहिक मृत्युसंख्येशी ते ताडून पाहिले होते. आज संगणकाच्या पडद्यावर आकडे बदलून हीच प्रक्रिया पाहता येते. ज्या शाळेत संगणक नाही, तेथे चिठ्ठ्या पुरेशा आहेत.

दोन वर्षांखालील बालके, गर्भवती व गंभीर आजारी व्यक्ती यांना या गोळ्या देत नाहीत. म्हणूनच इतरांनी त्या घेणे अधिक अगत्याचे ठरते. ग्रामपंचायतीने गटारे वाहती ठेवावीत, शौचालयाच्या वायुनळीस जाळी बसवावी आणि मोहिमेपूर्वी हा खेळ ग्रामसभेतही घ्यावा. मुलांनी फळ्यावर पाहिलेला आकडा घरातील मोठ्यांपर्यंत पोचला, तर गोळी हातात न राहता पोटात जाईल.