नक्कल पाठ झाल्यावर

जुन्या नाटक मंडळ्यांच्या आठवणी आणि आत्मचरित्रं वाचायचा नाद मला फार वर्षांचा. त्यांत गवई नट येतात, स्त्रीपार्टी येतात, भागीदारांची भांडणं येतात, थकलेले पगार येतात. या गर्दीत एक माणूस कायम कडेला बसलेला असतो. त्याला टाळी नाही, वन्समोअर नाही. तो तालीम मास्तर. वाचता वाचता माझा जीव त्याच्यातच अडकला.

आपल्या देगलूरकडे गणपतीतलं नाटक असो की शाळेचं गॅदरिंग, 'अ‍ॅक्टिंग काय शिकायची असते? ती अंगातच असावी लागते' हे हमखास ऐकू येतं. कीर्तनकाराबद्दल मात्र याच गावात असं कुणी म्हणत नाही. गुंडा महाराजांच्या चक्रीभजनाचं गाव हे. पुढं उभं राहण्याआधी मागं टाळ घेऊन वर्षं काढावी लागतात, हे इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. मग नटालाच ही सूट कुणी दिली?

गणपतराव जोशींचं घ्या. आगरकरांचा 'विकारविलसित' आणि गणपतरावांचा हॅम्लेट हे समीकरण सगळ्यांना पाठ आहे. पण शाहूनगरवासी मंडळीतल्या या नटाचं शालेय शिक्षण बेताचंच होतं. शेक्सपिअर त्याच्या गळी उतरवला कुणी? इथं एक नाव भेटतं, ते आता जवळजवळ पुसलं गेलंय: प्रा. वासुदेव बाळकृष्ण केळकर. टिळक-आगरकरांच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतले, फर्ग्युसनचे प्राध्यापक. शेक्सपिअरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू'वरून 'त्राटिका' त्यांनीच लिहिलं. ते लिहून थांबले नाहीत. मंडळीत जाऊन त्यांनी गणपतराव आणि स्त्रीभूमिका करणारे बाळाभाऊ जोग यांना तालीम दिली. नाटकवाल्यांच्या बिऱ्हाडी पाय ठेवणं सभ्य माणसाला शोभत नाही, असं मानणारा तो काळ. त्यात कॉलेजचा प्राध्यापक नटाला भाषणं समजावून सांगतोय! १८९५ साली केळकर अकाली गेले. 'त्राटिका' गाजत राहिलं, शिकवणारा मागं पडला.

केळकरांचा नेमका उपयोग काय झाला असेल, हे कळायला मंडळीतली रीत माहीत हवी. नटाच्या हाती सबंध नाटक पडत नसे. त्याला मिळे ती 'नक्कल': स्वतःची भाषणं आणि समोरच्याच्या भाषणाचे शेवटचे चार शब्द, म्हणजे आपली पाळी कधी ते कळावं. नक्कल पाठ झाली की नटाला वाटे, भूमिका आली. आपण रंगमंचावर यायच्या आधी काय घडलं, समोरचा खोटं बोलतोय की खरं, आपण आत गेल्यावर मागं काय शिजणार आहे, हे सगळं ज्याच्या डोक्यात असे तो एकटा तालीम मास्तर. हॅम्लेटसारखी भूमिका नुसत्या नकलेवर उभी राहणं अशक्यच. आज मोबाइलवर सबंध संहिता येते, तरी पोरं आपल्याच ओळी पिवळ्या करून वाचतात. म्हणजे नक्कल काही गेलेली नाही.

केळकरांपेक्षा नशीबवान गोविंद बल्लाळ देवल. निदान 'शारदा'मुळे तरी ते लोकांच्या लक्षात आहेत. बेळगावात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या हाताखाली शिकलेले देवल पुढं किर्लोस्कर मंडळीत नट झाले, आणि खरे रमले ते तालीम देण्यात. 'झुंजारराव' हा त्यांचा ऑथेल्लो. तो गणपतरावांनी केला. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, हा सतरा वर्षांचा मुलगा आला, तेव्हा देवल पन्नाशीला टेकलेले. गळा तर देवानं दिलेला होता. पुढं त्या गळ्यावर भास्करबुवा बखल्यांनी मेहनत घेतली. पण बोलायचं कसं, उभं कसं राहायचं, हे शिकवलं देवलांनी. गणपतराव बोडस हेही देवलांच्याच हाताखालचे.

आता ही तीन नावं शेजारी ठेवून बघा. गणपतराव जोशी, बालगंधर्व, बोडस. एकाचं दुसऱ्याशी काही जुळत नाही. शिक्षक मिळाला की नट साच्यात बसतो, ही भीती इथंच निकालात निघते. उलट बालगंधर्वांच्या नकला करत ज्यांनी जन्म काढला, त्यांना मास्तर नव्हता. ते नुसतं बघून शिकले होते. माझं तर मत याही पुढचं आहे. देवल जून १९१६ मध्ये गेले. त्यांचा 'संशयकल्लोळ' गंधर्व मंडळीनं त्यानंतर चार महिन्यांनी रंगमंचावर आणला. पुढं वन्समोअरवर वन्समोअर घेत नाटकं रात्र-रात्र लांबत गेली. बालगंधर्वांना 'पुरे' म्हणणारं माणूस उरलं नव्हतं. रसिकांना हे आवडणार नाही, नाइलाज आहे.

मधला काळ पळत ओलांडू. पार्श्वनाथ आळतेकरांचं 'लिटल थिएटर', दिल्लीत अल्काझी, मुंबईत सत्यदेव दुबे यांची शिबिरं. यावर पुष्कळ लिहून झालंय. यातलं देगलूरपर्यंत काय पोचलं? रेल्वेसुद्धा पोचली नाही. आपल्याला जवळचे आहेत ते लक्ष्मण देशपांडे. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचे विभागप्रमुख. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये त्यांनी एकट्यानं ५२ पात्रं उभी केली, हे जगाला माहीत आहे. हा माणूस पेशानं शिक्षक होता, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही. वेश न बदलता म्हातारी, पोरगा, पुढारी अशी माणसं एकामागून एक आणायची, तर प्रत्येकाचा श्वास, मान, बोलण्याची चाल वेगळी काढावी लागते. अभिनयशिक्षणाचा सबंध अभ्यासक्रमच तो. आणि तो मराठवाडी बोलीत!

याचं महत्त्व आपल्याकडच्या मुलांना विचारा. तेलंगण-कर्नाटकाच्या हद्दीवरचं आपलं बोलणं. 'जायलालो', 'करायलाव' असं तोंडातून निघालं की शहरी शिबिरात पहिल्याच दिवशी जीभ सोलायला घेतात. चांगला शिक्षक ती जीभ शाबूत ठेवून प्रमाण मराठीची दुसरी तिच्या शेजारी बसवतो. मकरंद अनासपुऱ्यांनी आपली बोली पडद्यावर चालवून दाखवली, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. तरी सोलणं चालूच आहे.

तेव्हा देगलूर, मुखेड, उदगीरच्या मुलामुलींनो, सात दिवसांच्या शिबिराची फी भरण्याआधी तिथं एक तास मागं बसून बघा. शिकवणारा सारखा स्वतःच करून दाखवत असेल, तर पैसे खिशात ठेवा. तो तुम्हाला मधेच थांबवून 'हे वाक्य तू कुणाला म्हणतोयस?' असं विचारत असेल, तर उसनवारी करा पण भरा. आणि पुण्या-मुंबईची गाडी पकडण्याआधी नांदेडला विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या ललित व प्रयोगजीवी कला संकुलात जाऊन चौकशी करा. एसटीनं सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी याल.